माइंड मॅप: पुस्तक मिटून काढायचा नकाशा

गोदावरीचे खोरे डोळ्यांसमोर आणा. पैठणहून नांदेडकडे वाहणारे मोठे पात्र. वाटेत सिंदफणा येऊन मिळते, पुढे पूर्णा मिळते. सिंदफणेत त्याआधीच बीडची बिंदुसरा आलेली असते, पूर्णेत जालन्याकडची दुधना. नांदेडच्या खाली, तेलंगणाच्या हद्दीवर मांजरा येते ती तेरणेला सोबत घेऊनच. हीच नावे एकाखाली एक लिहून पाठ केली, तर ‘दुधना कोणत्या नदीला मिळते?’ या साध्या प्रश्नाला भलेभले अडतात. रेषा ओढून एकदा काढली की सहसा अडत नाहीत, कारण दुधनेची जागा पूर्णेच्या काठाला पक्की झालेली असते.

माइंड मॅप म्हणजे कुठल्याही विषयाचे असे खोरे. फक्त दिशा उलटी असते. विषय मधोमध, त्यातून बाहेर निघणाऱ्या पाच-सहा जाड फांद्या, त्यांना फुटलेल्या बारीक फांद्या आणि प्रत्येक फांदीवर एक शब्द. या पद्धतीला आजचे नाव आणि नियम दिले ते इंग्लंडच्या टोनी बुझान यांनी, १९७०च्या दशकात. ज्ञानाची मांडणी झाडासारखी करण्याची रीत मात्र त्याच्याही कितीतरी आधीची आहे.

मॅप सुंदर दिसतो म्हणून शिकवतो, असे नाही. तो काढताना तुम्हाला आठवावे लागते, निवडावे लागते आणि कोणती गोष्ट कोणाच्या पोटात बसते हे ठरवावे लागते. सगळा फायदा या तीन कामांत आहे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी ही कामे टाळली जाणार नाहीत अशा बेताने दिली आहे.

सामान

कोरा ए-फोर कागद, आडवा धरलेला. आखीव वही नको. रेघा दिसल्या की हात आपोआप ओळीने लिहू लागतो. एका धड्याला ए-फोर पुरतो. संपूर्ण विषयासाठी त्याच्या दुप्पट आकाराचा ए-थ्री घ्या, नाहीतर दोन ए-फोर मागून चिकटपट्टीने जोडा. कागद आडवाच हवा, कारण देवनागरी शब्द आडवे पसरतात आणि उभ्या कागदावर डाव्या-उजव्या फांद्यांना दोन शब्दांतच कडा लागते.

एक पेन्सिल, एक काळा पेन, एक हिरवा पेन आणि चार-पाच रंग. रंगांसाठी खडूपेन्सिली बऱ्या. स्केचपेन पातळ कागदाच्या पाठीमागे उमटतो आणि मागची बाजू वाया जाते. तीच बाजू कच्च्या यादीसाठी लागणार आहे.

वाचा, मग पुस्तक मिटा

उदाहरणाला मराठवाडा मुक्तिसंग्राम घेऊ, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातून मराठवाडा सोडवण्याचा लढा. शाळेच्या इतिहासापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत तो सगळ्यांनाच लागतो, आणि १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणालाही.

धडा एकदा सलग वाचा. अधोरेखित करू नका, पेन हातात नकोच. वाचून झाले की पुस्तक मिटून दूर ठेवा आणि कागदाच्या मागच्या बाजूवर पाच मिनिटे आठवेल ते सुटे शब्द लिहा: निजाम, रझाकार, स्वामीजी, उर्दू, नळदुर्ग, १९३८, सत्याग्रह, पोलीस कारवाई, कासीम रझवी, उमरी बँक. क्रम नको, वाक्ये नकोत. वीस-पंचवीस शब्द जमले तर उत्तम. दहाच जमले, तर धडा अजून डोक्यात गेलेला नाही हे पाच मिनिटांत कळले; परत वाचा.

पुस्तक मिटण्यावर आमचा इतका जोर का, तेही सांगतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशे काढले. हे नकाशे माइंड मॅपचे जवळचे भाऊबंद. दुसऱ्या गटाने मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारा गट पुढे निघाला. पुस्तक उघडे ठेवून काढलेला नकाशा ही बरीचशी नक्कलच असते. हात चालतो, डोके स्वस्थ बसते. शिकवणीतून मिळालेला किंवा मोबाइलवर आलेला तयार मॅप तर त्याहूनही कमी कामाचा. तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्याचा नकाशा असतो.

मध्य आणि मुख्य फांद्या

कागदाच्या बरोबर मध्यावर पाच-सहा सेंटीमीटर रुंदीचे चित्र काढा आणि त्यात विषयाचे नाव लिहा. चित्रकला यावी लागत नाही. इथे एक किल्ल्याचा बुरूज आणि त्यावर झेंडा, एवढे पुरे. मात्र चित्र आठ-नऊ सेंटीमीटरचे झाले की फांद्यांची जागा तिथेच संपते.

आता मागच्या बाजूचे सुटे शब्द पाहा आणि स्वतःला विचारा, ‘यांचे गट पाडायचे तर किती पडतील?’ नवख्यांना इथेच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. सरळ मार्ग म्हणजे प्रश्नांनी गट पाडणे: का, कोण, कसे, काय घडले, पुढे काय. मुक्तिसंग्रामाच्या मुख्य फांद्या अशा निघतात: ‘पार्श्वभूमी’, ‘संघटना’, ‘माणसे’, ‘लढा’, ‘शेवट’, ‘नंतर’. सहा.

सातच्या वर जाऊ नका. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले होते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. अकरा फांद्यांचा मॅप डोळे मिटून आठवायला जा, तीन-चार हमखास गळतात. आणि ‘इतर’ नावाची फांदी कधीच काढू नका. ज्याचा विचार करायचा राहून गेला ते सगळे तिथे साचते.

फांद्या घड्याळाच्या एक वाजताच्या जागेपासून सुरू करून उजवीकडून खाली आणि मग डावीकडे वर न्या. बहुतेक जण उजवी बाजूच भरत सुटतात आणि डावीकडे अर्धा कागद कोरा राहतो. सहाच्या सहा मुख्य फांद्या आधी पेन्सिलीने ओढून घेतल्या, तीन उजवीकडे आणि तीन डावीकडे, की ही गडबड होत नाही. फांदी मध्याजवळ जाड आणि टोकाला निमुळती करा. लांबी शब्दाएवढीच. लांबलचक दांडी ओढून तिच्या टोकाला शब्द लिहिला, की पुढच्या फांद्यांना जागा उरत नाही.

एका फांदीवर एकच शब्द

हा नियम जाचक वाटतो, पण सोडू नका. ‘१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने बंदी घातली’ हे वाक्य फांदीवर लिहिले की ती फांदी मेली. तिला पुढे काही फुटत नाही. त्याऐवजी ‘संघटना’ला ‘स्टेट काँग्रेस’, तिला ‘बंदी’ आणि ‘बंदी’ला ‘१९३८’. आता ‘बंदी’ या शब्दापाशी प्रश्न उभे राहतात: का घातली? मग काय झाले? तिथून ‘सत्याग्रह’ फुटतो आणि त्याच वर्षीची ‘वंदे मातरम्’ची विद्यार्थी चळवळही आठवते. नाव दोन शब्दांचे असेल, जसे ‘स्टेट काँग्रेस’, तर ते एकच धरा.

मराठीत आणखी एक सवय मोडावी लागते. आपण शब्द विभक्ती लावूनच आठवतो: ‘निजामाच्या राजवटीतील शिक्षणाची भाषा’. फांदीवर शब्द मूळ रूपात लिहा. ‘पार्श्वभूमी’ला ‘शिक्षण’, त्याला ‘उर्दू’, त्याला ‘उस्मानिया, १९१८’ (उर्दू माध्यमाचे विद्यापीठ). ‘च्या’, ‘तील’, ‘ची’ यांचे काम रेषा करते.

‘माणसे’ या फांदीवर नुसती नावांची रांग लावण्याचा मोह होतो. प्रत्येक नावाला निदान एक काम जोडा. ‘रामानंद तीर्थ’ यांना ‘हिप्परगा’ आणि ‘अंबाजोगाई’ या शाळा आणि ‘स्टेट काँग्रेस’चे नेतृत्व, ‘कासीम रझवी’ यांना ‘रझाकार’ ही निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. ज्या नावाला काहीच जोडता येत नाही, ते नाव तुम्हाला अजून माहीतच नाही.

तिसऱ्या पातळीपर्यंत जा आणि शक्यतो तिथे थांबा. सहा मुख्य फांद्या, प्रत्येकीला दोन-तीन, त्यांना पुन्हा एक-दोन. एका ए-फोरवर चाळीस ते साठ शब्द नीट मावतात. त्याहून जास्त झाले तर एक फांदी तोडून तिचा वेगळा मॅप करा. इथे बहुधा ‘लढा’ फुगतो, आणि तो स्वतंत्र कागदाच्या योग्यतेचा आहेही.

देवनागरी फांदीवर बसवताना

परदेशी नमुने पाहून काढणाऱ्यांची इथे हटकून चूक होते. रोमन अक्षर रेषेवर बसते, आपले अक्षर शिरोरेषेला लटकते. फांदीची रेष शब्दाला अगदी चिकटून खालून गेली, की उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय कापले जातात. ‘मुक्ती’तला ‘मु’ नुसता ‘म’ दिसतो, ‘उर्दू’चा दीर्घ उकार रेषेत हरवतो. म्हणून फांदी शब्दाच्या खाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून ओढा. शब्द फांदीच्या वळणाबरोबर थोडा तिरपा चालेल, पण उभा किंवा उलटा कधीच नको. वाचायला कागद फिरवावा लागला तर तो मॅप उजळणीत बाजूलाच पडतो.

अक्षर शेवटच्या पातळीवरही पाच मिलिमीटर उंचीचे ठेवा. ‘स्वातंत्र्य’, ‘राष्ट्रीय’ असे शब्द त्याहून बारीक लिहिले की आठवड्याने तुमचे तुम्हालाच लागत नाहीत.

रंगाचा नियम सोपा: एक मुख्य फांदी आणि तिची सगळी पिलावळ एकाच रंगात. दिसेल त्या शब्दाला वेगळा रंग दिला तर रंगांचे काम संपले.

आडवे बाण

फांद्या झाल्या की पाच मिनिटे नुसते पाहा. दूरच्या दोन शब्दांत काही नाते आहे का? असेल तिथे तुटक रेषेचा बाण काढा आणि बाणावर नात्याचा एक शब्द लिहा.

‘शेवट’ फांदीवर ‘पोलीस कारवाई’ आहे: १३ ते १७ सप्टेंबर १९४८, ‘ऑपरेशन पोलो’, सोलापूरकडून आलेली भारतीय फौज, पहिल्याच दिवशी ‘नळदुर्ग’. ‘लढा’ फांदीवर ‘जैसे थे करार’ आहे, निजाम आणि भारत सरकार यांच्यातला, नोव्हेंबर १९४७चा. या दोहोंमध्ये बाण काढा आणि वर लिहा ‘एक वर्ष’. कराराची मुदत एका वर्षाची होती आणि ती संपण्याआधीच कारवाई झाली, हे सुट्या दोन तारखा पाठ करून लक्षात येत नाही.

दुसरा बाण ‘पार्श्वभूमी’तल्या ‘उर्दू’पासून थेट ‘नंतर’ फांदीवरच्या ‘१९५६’कडे. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य विभागले गेले आणि मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. उर्दूच्या सक्तीपासून मराठी राज्यापर्यंतची रेघ एका बाणात दिसते. दीर्घ उत्तर लिहायचे असते तेव्हा असे बाणच परिच्छेद होतात.

बाण तीन-चार पुरेत. दहा काढले की कोळ्याचे जाळे होते.

हिरव्या पेनाची फेरी

इथवर वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. आता पुस्तक उघडा. जे राहिले ते हिरव्या पेनाने जागेवर भरा, जे चुकले ते हिरव्याने खोडून नीट करा. खाडाखोड लपवू नका, कागद बदलू नका. हिरवे दिसते तेवढाच तुमचा कच्चा भाग, उद्या त्याचीच उजळणी करायची.

एक हमखास चूक आधीच सांगून ठेवतो. ‘नंतर’ फांदीवर मुले ‘आठ जिल्हे’ लिहितात आणि ते १९४८लाच होते असे समजतात. तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१, लातूर १९८२ आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले. ‘जिल्हे’ला ‘५’ आणि ‘+३’ अशा दोन फांद्या काढल्या की गोंधळ मिटतो.

उजळणीला जुना मॅप पाहत बसू नका. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर फक्त मध्य आणि मुख्य फांद्या आठवून काढा. मग चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पूर्ण मॅप. दरवेळी पेन्सिलीने, रंगाशिवाय, दहा मिनिटांत. झाल्यावर जुन्याशी ताडून पाहा. हिरवा रंग कमी होत गेला तर गाडी रुळावर आहे. तोच शब्द तिसऱ्यांदा हिरवा झाला, तर बहुतेक वेळा तो चुकीच्या फांदीवर बसलेला असतो. दुसरीकडे हलवून पाहा. अभ्यासिकेत शेजारी कुणी असेल तर मॅप उलटा ठेवून त्याला विषय समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथली फांदी कच्ची.

१७ सप्टेंबरच्या भाषणासाठी याच मॅपवर मुख्य फांद्यांना बोलण्याच्या क्रमाने आकडे द्या. क्रम फांद्यांचा असायलाच हवा असे नाही. ‘नळदुर्ग’पासून सुरू करून मागे ‘पार्श्वभूमी’कडे गेलात तर ऐकणारे जागे राहतात. पाच मिनिटांच्या भाषणाला तीन फांद्या भरपूर.

शेतीचा बेत याच पद्धतीने

मॅप फक्त परीक्षेचा नाही. मे महिन्यात खरिपाचा बेत करताना मध्ये ‘सोयाबीन, २ एकर’ लिहा. फांद्या: ‘बियाणे’, ‘पेरणी’, ‘खत’, ‘कीड-रोग’, ‘काढणी’, ‘पैसा’.

‘बियाणे’ला ‘उगवण’ आणि ‘वजन’. घरचे बियाणे असेल तर ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलोचा हिशेब ठीक, म्हणजे दोन एकरांना ६० किलो. साठच उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे एकरी ३५ किलो. त्याहून कमी असेल तर बियाणे बदला. ‘पेरणी’ला ‘पाऊस ७५-१०० मिमी’, ‘खोली ३-४ सेंमी’, ‘अंतर ४५ × ५ सेंमी’. ‘कीड-रोग’ला ‘खोडमाशी’, ‘चक्रीभुंगा’, ‘उंटअळी’, ‘पांढरी माशी’. आणि ‘पांढरी माशी’ला ‘पिवळा मोझॅक’, कारण तो रोग ती पसरवते.

इथे बाणांना पैशाची किंमत आहे. ‘उगवण’पासून ‘पैसा’कडे बाण गेला की मे महिन्यातच कळते, जादा बियाण्याला किती लागतील. ‘पाऊस’ ते ‘बियाणे’ बाणावर ‘दुबार?’ लिहा. ओल अपुरी असताना पेरले आणि पावसाने दडी मारली तर पुन्हा तेवढेच बियाणे कुठून आणायचे, हा प्रश्न कागदावर आला की घाई आवरते. आकडे असलेला मॅप घरातल्या सगळ्यांनी मिळून काढावा. खर्चाची फांदी अनेकदा आई किंवा बायकोच नीट भरते.

कुठे वापरू नये

ज्याला ठरलेला क्रम आहे तिथे मॅप आडवा येतो. गणिताची सिद्धता, रसायनशास्त्रातली अभिक्रियांची साखळी, क्रेब्ज चक्र, बँकेच्या अर्जाची प्रक्रिया यांना बाणांची साखळी काढा. दोन-तीन गोष्टींची तुलना करायची असेल, उदाहरणार्थ खरीप आणि रब्बी, तर साधा तक्ता बरा. आणि गणिते सोडवायची असतात तिथे कुठलाही नकाशा सोडवण्याची जागा घेत नाही. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी भौतिकशास्त्रात मॅप फक्त सूत्रे कोणत्या प्रकरणात बसतात एवढ्यापुरता ठेवावा.

‘मॅपने उजवा मेंदू जागा होतो’ असे काही ठिकाणी सांगितले जाते. त्यावर विसंबू नका. डावा मेंदू हिशेबाचा आणि उजवा कल्पनेचा, ही विभागणी फार ढोबळ आहे, आणि मॅपला तिची गरजही नाही.

संगणक आणि मोबाइल

पहिले दहा मॅप हातानेच काढा. त्यानंतर मोठ्या, वारंवार बदलणाऱ्या विषयाला संगणक सोयीचा. फ्रीप्लेन हा मॅप काढायचा प्रोग्राम विनामूल्य आणि मुक्त आहे. एक्समाइंड मोबाइलवरही चालते. दोन्हींत टॅब दाबला की पोटफांदी, एंटर दाबला की शेजारची फांदी. मराठी मजकूर पीडीएफमध्ये नेताना जोडाक्षरे तुटली तर मॅप चित्र म्हणून साठवा आणि तेच पाठवा. संगणकावर फांदी मिटवता येते. उजळणीला सगळ्या मिटवा, प्रत्येक उघडण्याआधी आत काय आहे ते मोठ्याने सांगा, मग उघडा.

कागदी मॅपच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि कितव्यांदा काढला तो आकडा लिहा, आणि एका विषयाचे सगळे कागद एकाच क्लिपला लावा, नवा वर.